वत्सलाताई, ते पत्र माझं होतं

वत्सलाताई,

तुम्ही गेल्याला सोळा दिवस झाले. गावात आता तुमच्याबद्दल चांगलं बोलायची चढाओढ लागली आहे. तुमच्या दारावरून जाताना तुमचं तोंड दिसू नये म्हणून जे छत्री आडवी धरायचे, तेही "बाई म्हणजे देवमाणूस" म्हणताना मी माझ्या कानांनी ऐकलं. आपल्या साप्ताहिकाच्या संपादकांनी, आबांनी, तुमच्यासाठी एक अख्खं पान राखून ठेवलंय. मला म्हणाले, "इंदूताई, बारा वर्षं तुम्ही त्यांच्याबरोबर काम केलंत, तुम्हीच लिहा. जन्म, शिक्षण, कार्य, सगळं व्यवस्थित येऊ द्या." मी मान डोलावली. घरी येऊन कागद पुढ्यात घेतला, तर जन्म-शिक्षणातलं काही सुचेचना. भलतंच एक सुचत राहिलं. आठ वर्षं ते माझ्या घशाशी अडकलेलं आहे.

ते आधी सांगून मोकळी होते, नाहीतर पान संपेल आणि माझा धीरही संपेल. रोडपाली गावाच्या नावाने छापलं गेलेलं ते पत्र, ज्याच्यापायी यमुनाला घर सोडावं लागलं आणि तुम्हाला तीनदा रोडपालीची वाट तुडवावी लागली, ते माझं होतं. तुम्ही असताना मला हे सांगता आलं नाही.

तुम्हाला बाकीचं ठाऊक आहे, वाचणाऱ्यांना नाही. म्हणून पहिल्यापासून सांगते. समोर बसलेल्या बाईला तुम्ही हेच म्हणायचात, "पहिल्यापासून सांगा, मधलं गाळू नका."

आपली ओळख भांडणातून झाली. साप्ताहिकात तुमचं सल्ल्याचं सदर नुकतंच सुरू झालं होतं आणि कुणीही काहीही विचारलं तरी उत्तराच्या शेवटी तुमचं एक वाक्य ठरलेलं असायचं: "काहीही करा, पण घरात अबोला धरू नका." सासू छळते? अबोला धरू नका. नवरा पत्ते खेळतो? अबोला धरू नका. आम्ही बायका नळावर हसायचो, की बाईंकडे साऱ्या दुखण्यांवर एकच पुडी आहे. पण मला नुसतं हसून राहवेना. माझा स्वभाव तुम्हाला माहीत आहे, डोक्यात एकदा काही शिरलं की पदर खोचून निघायचं. मी तडक तुमच्या दोन खोल्यांत येऊन थडकले. शेजारी गाड्यांची चाकं करणाऱ्यांचे हातोडे चालू होते, म्हणून मला ओरडूनच बोलावं लागलं.

"बाईमाणसाला मारता येत नाही, उठून माहेरी जाता येत नाही. गप्प बसता येतं, तेवढं एक हत्यार तिच्याकडे आहे. तेही काढून घेता? मुंबईला मानसशास्त्र शिकलात, पण संसारातलं तुम्हाला काय ठाऊक?"

म्हटलं आणि मग माझं लक्ष तुमच्या मोकळ्या कपाळाकडे गेलं. जीभ चावली, पण बाण सुटला होता. तुम्ही रागावला नाहीत. थोडा वेळ हातोड्यांचा आवाज ऐकत राहिलात. मग म्हणालात, "हत्यार आहे खरं. पण ते समोरच्याला कुठे लागलं, हे धरणाऱ्याला दिसत नाही." लगेच विषय बदललात. "चहा घ्याल ना? साखर तुमची तुम्ही घाला, माझा हात आखडता आहे. आणि अक्षर कसं आहे हो तुमचं?"

अक्षर चांगलं होतं. भांडायला आले होते, ती नोकरी लागल्यासारखी परत गेले. पगार नव्हता, चहा होता, तोही फिक्का.

दर बुधवारी डॉक्टरसाहेबांच्या दवाखान्यामागच्या खोलीत तुम्ही बसायचात. मनाचं दुखणं घेऊन उघडपणे यायची कुणाची छाती नव्हती. नुसता संशय आला तरी लोक म्हणायचे, आता हिला ठाण्याच्या वेड्यांच्या इस्पितळात पाठवणार. म्हणून तुम्ही आणि डॉक्टरसाहेबांनी युक्ती काढलीत. खोलीतून बाहेर पडणाऱ्या प्रत्येकाच्या हातात खोकल्याच्या लाल औषधाची बाटली द्यायची. पनवेलला बुधवारचा म्हणून एक खोकला आहे, असं कंपाउंडर म्हणायचा. कोन गावाहून, सुकापूरहून, उरणच्या बाजूने माणसं खोकत यायची आणि डोळे पुसत जायची. एका म्हाताऱ्याने तर सहा महिने औषध घेऊन तुम्हाला सांगितलं, "बाई, तुमच्याशी बोलून बरं वाटतं, पण खोकला काही गेला नाही." त्याला खरंच खोकला होता. त्या दिवशी तुम्ही इतक्या हसलात की डॉक्टरसाहेब पडदा सारून बघायला आले.

त्या खोलीत एक शब्द वर्ज्य होता. एक सासू सुनेला ओढत घेऊन आली आणि म्हणाली, "ही वेडी झालीय." तुम्ही म्हणालात, "आजारी झालीय म्हणा. ताप आलेल्याला आपण तापट म्हणतो का?" सासूला कळलं की नाही कोण जाणे, पण सून मान वर करून तुमच्याकडे बघायला लागली. मी तिथे कोपऱ्यात पत्रं लिहीत बसले होते. मला वाटलं, आपल्यालाही कधी असं बघायची वेळ आली तर समोर हीच बाई असावी. वेळ आली, आणि मी तुमच्या समोर बसून तुमच्याकडे बघितलंच नाही.

माझं काम पत्रांचं. साप्ताहिकाच्या कचेरीत आलेली पत्रं मी उघडायची, माझ्या अक्षरात उतरवायची, आणि उतरवताना ओळख पुसायची. याला आपण "पत्राचं लुगडं बदलणं" म्हणायचो. दोन मुलं असली तर तीन करायची, सुतार असला तर शिंपी, दीर असला तर भाऊ. कोनचं पत्र सुकापूरचं करायचं, सुकापूरचं पनवेलचं. मूळ पत्र त्याच दिवशी बंबात. तुमच्या हाती फक्त माझी नक्कल यायची, कारण तुमचंच म्हणणं होतं, "मलाही कळायला नको कोण आहे ते. रस्त्यात भेटली तर माझ्या तोंडावर दिसेल." आपल्याला वाटायचं, काय पक्का बंदोबस्त केलाय. या मुलखात एका गावाचं दुसऱ्या गावाला दिलं तर ते तिथे कुणाच्या तरी अंगावर बेतून बसणारच, हे आपल्या दोघींच्या डोक्यात आलं नाही. तुम्ही एम. ए. आणि मी मॅट्रिक, दोघी सारख्याच भोळ्या.

आपण पुन्हा भांडलो ते हळदीकुंकवावरून. तुम्हाला बायकांपुढे मनाच्या आजारावर बोलायचं होतं आणि गावातल्या साठ-सत्तर बायका एकदम भेटायच्या त्या फक्त हळदीकुंकवाला. तिथे तुम्हाला बोलावणं नाही. मी म्हटलं, माझ्या घरी हळदीकुंकू करते, तुम्ही पाटावर मध्ये बसायचं, बघू कोण काय बोलतं ते. मी भांडायला अगदी टपून होते. तुम्ही म्हणालात, "मी माजघरात बसते, तू मधलं दार उघडं ठेव. मी आतून बोलेन." मला इतका राग आला. म्हटलं, लोकांना शिकवता आणि स्वतः दाराआड बसता? तुम्ही म्हणालात, "इंदू, मी मध्ये बसले तर बायका घरी जाऊन माझ्या कपाळाबद्दल बोलतील. मला त्यांनी झोपेबद्दल बोलायला हवंय." आणि खरोखर आतूनच बोललात. झोप उडणं, भूक जाणं, कारण नसताना रडू येणं, बाळंतपणानंतर मूल नकोसं वाटणं. बाहेर वाटीचमच्याचा आवाज थांबला होता. पुढच्या बुधवारी नऊ बायकांना खोकला झाला. तरीही तुम्ही चुकलात असंच मला अजून वाटतं. ते भांडण तसंच राहिलंय आणि आता मी एकटीच दोन्ही बाजूंनी बोलत असते.

आता माझं सांगते.

माझे यजमान मामलेदार कचेरीत कारकून. बोलघेवडे नव्हेत, पण जेवताना कचेरीतल्या दोन गमती सांगणार, आमटी चांगली झाली तर वाटी पुढे करणार, असे. त्या वर्षी त्यांचं बोलणं हळूहळू आटत गेलं. काही झालं नव्हतं हो. बढती मिळाली होती, घरात कुणाचं दुखणं नाही, कुणाशी वाकडं नाही. कचेरीतून यायचे, अंगणात भिंतीकडे तोंड करून बसायचे. जेवायचे, म्हणजे ताट पुढे घेऊन बसायचे. पहाटे तीनला उठून बसलेले असायचे. मारलं नाही, प्याले नाहीत, एक वाकडा शब्द नाही. मला तर वाटायचं, वाकडा का होईना, एक शब्द टाका. मला वाटलं, माझ्यावर राग आहे. आधी मी विनवण्या केल्या, मग नवस केले, आणि शेवटी माझं ते एकुलतं हत्यार काढलं. तीन महिने मीही त्यांच्याशी बोलले नाही. एका घरात दोन माणसं, आणि भांड्यांचाच काय तो आवाज.

आणि दर बुधवारी मी तुमच्या शेजारी बसून दुसऱ्यांच्या नवऱ्यांची पत्रं उतरवत होते. तुमच्याकडे वळून "ताई, माझ्याही घरी" एवढं म्हणायचं होतं. जमलं नाही. लाज वाटली. दुसऱ्यांची धुणी धुणारीने आपलं गाठोडं कुठे सोडायचं? मग मी काय केलं, तर त्या आठवड्याच्या नकलांमध्ये एक नक्कल जास्तीची ठेवली. जिला मूळ पत्रच नव्हतं. ओळख लागू नये म्हणून तिला इतकं नटवलं की काय सांगू. कारकुनाचा मिठागरावरचा मुकादम केला, पनवेलचं रोडपाली केलं, दोन म्हशी दिल्या, एक तान्हं मूल दिलं. लपवणारा माणूस गरजेपेक्षा जास्त तपशील देतो, हे तुम्हीच मला शिकवलं होतं. तेव्हा आठवलं नाही.

तुमचं उत्तर छापून आलं ते मी आपल्या घरात नव्हे, तळ्याकाठच्या पायरीवर बसून वाचलं. मला पाठ आहे. "बाई, तुम्ही काही केलेलं नाही आणि त्यांनीही नाही. हा राग नव्हे, हा मनाचा आजार आहे आणि तो बरा होतो. रोज संध्याकाळी त्यांच्या शेजारी बसा. त्यांनी बोलावं अशी अट घालू नका. तुम्ही बोला, भाजीचं बोला, पावसाचं बोला. झोप आणि भूक गेल्याचं डॉक्टरांना सांगा आणि त्यांच्या सल्ल्याने पुढे जा. आणि काहीही करा, पण अबोला धरू नका." मी पदर तोंडात धरून रडले. त्याच संध्याकाळी अंगणात त्यांच्या शेजारी जाऊन बसले आणि वांगी कशी महागली आहेत ते सांगायला लागले.

त्याच आठवड्यात तेच पत्र आणि उत्तर रोडपालीत दुकानाच्या ओट्यावर मोठ्याने वाचलं गेलं. रोडपालीत मिठागरावरचा मुकादम एकच होता, हाशा. दोन म्हशी, तान्हं मूल, आणि वर्षभर भिंतीकडे तोंड करून बसणारा. लोकांना काय, आयतं सापडलं. "हाशाला याड लागलंय, पेपरात आलंय." हाशाच्या भावाने हाशाच्या बायकोला, यमुनाला, पोरासकट माहेरी धाडलं. घरातली गोष्ट पेपरात घालणारी बाई आमाला नको, म्हणाला. यमुनाला अक्षर लिहिता येत नव्हतं. तर म्हणे कुणाकडून तरी लिहवून घेतलं.

यमुनाचा भाऊ पेपर हातात घेऊन दवाखान्यात आला तेव्हा मी तिथेच होते. तो ओरडला नाही. "बाई," म्हणाला, "माजी भन पत्र कशाला लिवंल? तिला सही येत नाय. आता तिला घरात कोन घेनार, तुमी सांगा." तुमचा चेहरा पांढरा पडला. तो गेल्यावर तुम्ही मला विचारलंत, "इंदू, मूळ पत्र कुठल्या गावचं होतं?"

तेव्हा सांगायला हवं होतं. खोलीत आपण दोघीच होतो. मी म्हटलं, "आठवत नाही ताई. बंबात गेलं." तुम्ही माझ्याकडे बघितलंत, फार वेळ नाही, आणि "बरं" म्हणालात. त्यानंतर त्या पत्राबद्दल तुम्ही मला एका अक्षराने विचारलं नाहीत. फक्त निघताना म्हणालात, "बुधवारी लवकर जात जा गं घरी. संध्याकाळी घरात माणूस लागतं." तुम्हाला कळलं होतं का? आठ वर्षं मी याच एका वाक्याला उलटून पालटून बघते आहे.

दुसऱ्या दिवसापासून पत्रांतली गावांची नावं बंद झाली आणि तुम्ही रोडपालीला निघालात. मी येते म्हटलं तर नको म्हणालात. एसटीने थोडं आणि पुढे बांधावरून चालत, त्या उन्हात. पहिल्या खेपेला हाशाच्या भावाने तुम्हाला ओट्यावरही बसू दिलं नाही, असं नंतर कळलं. चार महिन्यांत तीनदा गेलात. तिसऱ्या खेपेनंतर यमुनाला घरी आणलं आणि पुढच्या बुधवारी हाशा दवाखान्यात आला. तुम्ही त्याला घेऊन मुंबईच्या डॉक्टरांकडेही जाऊन आलात. मी विचारलं, "ताई, असं काय सांगितलंत त्या माणसाला?" तुम्ही म्हणालात, "सांगितलं काहीतरी. तू पुढचं पत्र वाच."

माझ्या घरीही तोवर उजाडायला लागलं होतं. मी झोप-भूक गेल्याचं सांगितल्यावर डॉक्टरसाहेबांनी यांनाही मुंबईला पाठवलं होतं, झोपेच्या तक्रारीसाठी म्हणून, आणि तोंडातून चकार शब्द काढला नाही. आठव्या की नवव्या महिन्यात एका संध्याकाळी मी अंगणात बसून कोथिंबिरीबद्दल काही बोलत होते, तर हे म्हणाले, "परवा पण हेच सांगितलंस." वत्सलाताई, कुणी मला सोन्याने मढवलं असतं तरी इतकं सुख झालं नसतं.

त्याच सुमाराला गावात तुमच्या यजमानांबद्दल कुजबुज सुरू झाली. ते तापाने गेले असं आम्हाला माहीत होतं, आता लोक वेगळंच काही बोलायला लागले. नळावर एकीने माझ्यासमोर तोंड उघडलं, तर मी तिची घागर लाथेने कलंडून दिली. तुम्हाला येऊन अभिमानाने सांगितलं. तुम्ही म्हणालात, "तिची घागर भरून दे जा." मला वाटलं, काय हा महात्मापणा. बोलणाऱ्यांना या गोष्टी मिळाल्या कुठून, हे मी तुम्हाला विचारलंच नाही.

ते मला परवा कळलं. तुमचा तेरावा झाल्यावर मी रोडपालीला गेले. तुम्हाला सांगायचं राहिलं, निदान यमुनाला तरी सांगावं म्हणून. ती अंगणात तांदूळ पाखडत होती. हाशा ओट्यावर बसला होता, आता केस पिकलेत. तुम्ही गेल्याचं त्यांना कळलं होतं. मी काही बोलायच्या आत हाशाच बोलायला लागला. जो माणूस वर्षभर बोलला नव्हता, तो थांबेना.

"बाई पयल्यांदा आल्या तवा भावानं हाकलल्या. दुसऱ्या वक्ताला माज्या बाजूला येवन बसल्या. काय बोलल्या नाय. मी पन नाय. तिसऱ्या वक्ताला मीच बोललो, बाई, त्या पत्रापायी माजं घर मोडलं, कोनी लिवलंय तेवढं सांगा. तर म्हनल्या, ते पत्र माजं हाय."

मला वाटलं, मी नीट ऐकलं नाही.

"माजं हाय म्हनल्या. माजा नवरा असाच बसायचा, भिंतीकडं बघत. मना वाटलं माज्यावर रागावलाय. मी पन रुसले. चार महिनं मी त्याच्याशी बोलले नाय, म्हनल्या. आनी एक दिस सकाली तो गेला. सोताच्या हातानं गेला. लोकांना आमी ताप सांगितला." हाशाने यमुनाकडे बघितलं. "मना म्हनल्या, तू जावू नको. तुजी बायको बोलायाला तयार हाय, तिला घरी आन. भाव पन तिथंच हुबा व्हता. त्यानंच जावन हिला आनली."

त्या भावानेच पुढे चार ठिकाणी सांगितलं असणार. तुम्हाला ते ठाऊक होतं, म्हणून घागर भरून द्यायला सांगितलीत.

मी त्या ओट्यावर बसून राहिले. बारा वर्षं मी तुमच्या शेजारी बसले. तुमच्या दम्याच्या गोळ्या कुठल्या डबीत असतात ते मला माहीत होतं. आणि हे मला माहीत नव्हतं. खरं सांगते, मला आधी रागच आला. एका परक्या माणसाला सांगितलंत आणि मला नाही? मग आठवलं, की मी पहिल्याच दिवशी तुमच्या तोंडावर ओरडून आले होते, अबोला हे आमचं हत्यार आहे म्हणून. आणि तुम्ही हातोड्यांचा आवाज ऐकत बसला होतात. त्या वेळी तुम्हाला काय वाटलं असेल, हे मनात आलं आणि मला बसवेना. ज्या सदरातल्या एका वाक्याला सारं गाव हसत होतं, ते तुम्ही दर आठवड्याला कुठून लिहीत होतात? आणि तेच वाक्य माझ्या घरात वेळेवर पोचलं. तुमच्या घरात ते सांगायला कुणी नव्हतं.

मी यमुनाला सांगितलं. ते पत्र बाईंचं नव्हतं, माझं होतं. माझ्या नवऱ्याबद्दल होतं. गाव मी बदललं.

तिचं सूप थांबलं. "चार महिनं मी म्हायेरी व्हते," ती म्हणाली. "भावजयीच्या हाताखाली. पोर तान्हं. तुमाला म्हाईत व्हतं?"

"होतं."

ती उठून आत गेली. हाशा माझ्याकडे न बघता तांदळावरची कोंबडी हाकलत राहिला. मला वाटलं, आता आपण निघावं. तेवढ्यात ती चहा घेऊन आली, माझ्यापुढे ठेवला.

"बाईंना सांगितलं व्हतं का तुमी?"

"नाही."

"मंग त्यांना सांगाया पायजे व्हतं," यमुना म्हणाली. "आमचं झालं ते झालं. त्यांना सांगाया पायजे व्हतं."

म्हणून हे लिहिते आहे. लोकांना बोलतं करण्यात आपण दोघींनी बारा वर्षं घालवली, आणि एका खोलीत बसून तुम्ही तुमचं मला सांगितलं नाहीत, मी माझं तुम्हाला. तुमच्यावर रुसायचाही हक्क मला उरला नाही. तुम्ही माझं पत्र स्वतःच्या नावावर घेतलंत, ते माझ्यासाठी की हाशासाठी, की तुमच्या यजमानांसाठी, मला कळत नाही. कदाचित तेव्हा ते तुमचंच झालं असेल.

हे आबांकडे देण्याआधी यांना वाचून दाखवणं भाग होतं. आजार यांचा, आणि माझ्या नावावरून सारं गाव यांना ओळखणार. आणि यांना यातलं काहीच माहीत नव्हतं. सदर वाचून हे तुम्हाला गमतीने "मनाची डॉक्टरीण" म्हणायचे, रिकामटेकड्या बायकांचा उद्योग म्हणून हसायचे, आणि मीही हसू द्यायचे. काल संध्याकाळी अंगणात बसून पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलं. मधलं गाळलं नाही. वाचून झालं आणि हे बोलेनात. माझा जीव पुन्हा तसाच घाबरा झाला.

मग म्हणाले, "छापायला दे." आणि थोड्या वेळाने, "त्या बाईंमुळे मी आज इथे बसलोय. मी इतकी वर्षं त्यांना हसत होतो, तेव्हा तू एकदा तरी का बोलली नाहीस?"

वत्सलाताई, इतकी वर्षं झाली, इतकी पत्रं उतरवली, आणि या एका प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. सवयीने तोंडातून निघून गेलं, "थांबा, उद्या ताईंना विचारते."